खाणबंदी, अंगणातला ट्रक आणि ताण : डिचोली तालुक्यातील एक प्रकरण

२०१९ च्या पावसाळ्यात गोव्यातील डिचोली तालुक्यातील एक ट्रकमालक, वय पंचेचाळीसच्या आसपास, छातीची तक्रार घेऊन आरोग्य केंद्रात गेले. छातीत दडपल्यासारखे होते, पहाटे तीन-साडेतीनला जाग येते आणि मग डोळा लागत नाही, जेवण झाले की आंबट पाणी घशाशी येते, मान आणि खांदे दिवसभर ताठलेले असतात, असे त्यांनी सांगितले. ईसीजी निर्दोष निघाला. रक्तदाब मात्र वेगवेगळ्या दिवशी घेतलेल्या नोंदींत १५०/९६ च्या आसपास भरला, म्हणून डॉक्टरांनी गोळी सुरू केली; आणि कामधंद्याविषयी साधी चौकशी करताच रुग्णाला बोलणे अवघड झाले, हे पाहून त्यांना समुपदेशनासाठी पाठवले. त्यांची ओळख पटू नये म्हणून वय, कुटुंब आणि गाव यांचे काही तपशील बदलून हे प्रकरण येथे मांडले आहे.

ताणाची बहुतेक प्रकरणे लिहिली जातात ती अतिकामाची असतात : कचेरीतील मुदती, रात्रपाळी, वरिष्ठांचा जाच. येथे कामाचा अतिरेक तर नव्हताच, उलट या गृहस्थांना गेले सव्वा वर्ष काहीच काम नव्हते. त्या सव्वा वर्षात घरात मृत्यू, आजारपण, भांडणतंटा असेही काही घडले नव्हते. तरीही ताणाची शरीरावर आणि मनावर उमटणारी जवळजवळ सर्व लक्षणे त्यांच्यात दिसत होती. ती कशातून आली याचा शोध घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येत गेली. या माणसाला खाणी बंद झाल्याने जितके पोखरले, त्याहून अधिक त्या केव्हाही सुरू होतील या शक्यतेने पोखरले होते.

पार्श्वभूमी

डिचोली, सत्तरी, सांगे, धारबांदोडा या पट्ट्यात लोहखनिजाची वाहतूक हा कित्येक घरांचा मुख्य आधार होता. खाणीतला माल टिपर ट्रकने नदीकाठच्या जेटीवर, तेथून बार्जने मांडवी किंवा जुवारीतून मुरगाव बंदरात, आणि पुढे बराचसा चीनला, असा हा व्यवहार चाले. चीनची मागणी वाढत गेली त्या वर्षांत गावागावांत कर्ज काढून ट्रक घेतले गेले. दिवसाला जितक्या ट्रिपा अधिक तितकी कमाई अधिक, असे साधे गणित होते, आणि ते जमते आहे तोवर हप्त्याची चिंता कोणी करत नव्हते. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शाह आयोगाच्या अहवालानंतर १० सप्टेंबर २०१२ रोजी राज्य सरकारने खाणकाम स्थगित केले आणि पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने ते थांबवले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालाने वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून ही बंदी उठली, परंतु प्रत्यक्ष खाणी हलायला त्यानंतरही बराच काळ गेला. मग ७ फेब्रुवारी २०१८ रोजी न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले आणि १६ मार्चपासून सगळे पुन्हा ठप्प झाले.

या गृहस्थांकडे २०१२ साली दोन ट्रक होते. पहिल्या बंदीत त्यांनी जुना ट्रक मिळेल त्या भावाला विकला आणि नवा अंगणात उभा ठेवला. नातेवाइकांनी तोही विकायला सांगितले होते, पण त्यांनी ऐकले नाही, आणि खाणी पुन्हा सुरू झाल्यावर त्यांचाच निर्णय बरोबर ठरला. ज्यांनी घाबरून ट्रक विकले होते, ते त्या हंगामात हात चोळत बसले. हा तपशील पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये तोच ट्रक पुन्हा अंगणात आला, तेव्हा बँकेचे कर्ज पूर्ण फिटलेले नव्हते, दुरुस्ती आणि टायरसाठी पतसंस्थेत पत्नीचे दागिने गहाण होते, आणि मुलगा दहावी पार करून हायर सेकंडरीत गेला होता.

त्यांचा दिवस कसा जातो, हे पहिल्याच भेटीत तपशिलाने विचारले. सकाळी उठून ते ट्रक सुरू करीत आणि बॅटरी उतरू नये म्हणून दहा मिनिटे इंजिन चालू ठेवीत. मग तिठ्यावर चहा, आणि तेथे दोन-तीन वर्तमानपत्रांतील खाणींची बातमी. दुपारी घरी, हातात फोन. ट्रकमालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवसभर संदेश येत असत. पुनर्विचार याचिका, दिल्लीला गेलेले शिष्टमंडळ, कोणा पुढाऱ्याचे आश्वासन, ‘दसऱ्यानंतर नक्की’ अशी कोणाची तरी खात्री. संध्याकाळी पुन्हा तिठा, आणि तेथून बारमध्ये. पूर्वी सणावारी किंवा रविवारी होणारे पिणे आता रोजचे झाले होते. शिगम्याच्या मेळात घुमट हे वाद्य वाजवण्यात गावात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. त्या वर्षी ते मेळात गेले नाहीत. मधल्या काळात एका शाळेच्या बालरथावर, म्हणजे मुलांची ने-आण करणाऱ्या बसवर, चालकाची जागा चालून आली होती. ती त्यांनी नाकारली. “उद्या खाणी सुरू झाल्या तर माझा ट्रक कोण चालवणार?” हे त्यांनी दिलेले कारण.

मूल्यमापनात शेल्डन कोहेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडलेल्या ‘जाणवणाऱ्या ताणा’च्या मापनपट्टीची दहा प्रश्नांची आवृत्ती वापरली. तिचे गुण ० ते ४० असतात आणि या गृहस्थांचे गुण वरच्या टप्प्यात होते. पण बेरजेपेक्षा उत्तरांची ठेवण बोलकी होती. आयुष्यातील महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हाताबाहेर आहेत असे किती वेळा वाटले, या प्रश्नावर त्यांनी शेवटचा पर्याय क्षणाचाही विचार न करता निवडला. नैराश्याची तपासणी केली. काही लक्षणे होती, परंतु तीव्र नैराश्याचे चित्र पूर्ण होत नव्हते. जीव देण्याचे विचार येतात का, हे आडवळणाने न विचारता सरळ विचारले. तसे विचार नव्हते. हा प्रश्न विचारल्याने विचार मनात भरवला जातो हा गैरसमज अजूनही पुष्कळांच्या, काही वेळा डॉक्टरांच्याही मनात असतो, म्हणून ही नोंद मुद्दाम केली आहे.

न घडणाऱ्या घटनेचा ताण

थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे यांनी १९६७ मध्ये आयुष्यातील ४३ घटनांची यादी केली आणि प्रत्येक घटनेला गुण दिले : जोडीदाराचा मृत्यू १००, घटस्फोट ७३, विवाह ५०, आणि याच क्रमाने खाली. या यादीत धंद्यातील उलथापालथीला ३९ आणि आर्थिक स्थितीतील बदलाला ३८ गुण आहेत. गेल्या वर्षभरातील गुणांची बेरीज जितकी मोठी तितका आजाराचा धोका अधिक, असा त्यामागचा विचार. या गृहस्थांना तो लावला तर एक विचित्र परिणाम दिसतो. मार्च २०१८ च्या घटना २०१९ च्या पावसाळ्यात वर्षभराच्या मर्यादेबाहेर जातात, नवे काही घडलेले नाही, आणि ज्या काळात त्यांची प्रकृती सर्वाधिक खालावली त्या काळात त्यांचे गुण जवळजवळ शून्य भरतात. घटना मोजणाऱ्या कोणत्याही पट्टीची ही मर्यादा आहे, कारण जे घडत नाही आणि तरी माणूस ज्याची रोज वाट पाहतो त्याला तिच्यात रकाना नसतो.

रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांची १९८४ मधील मांडणी येथे अधिक उपयोगी पडते. त्यांच्या मते ताण परिस्थितीत बसलेला नसतो, तो माणूस त्या परिस्थितीचा जो अर्थ लावतो त्यातून उभा राहतो. माणूस आधी ठरवतो की समोरची गोष्ट म्हणजे झालेली हानी आहे, येऊ घातलेला धोका आहे की पेलता येण्याजोगे आव्हान. आणि मग पाहतो की तिला तोंड देण्यासाठी आपल्या हाती काय आहे. आमच्या ट्रकमालकांची अडचण पहिल्याच पायरीवर होती. धंदा गेला असे मानावे, तर शोक करून पुढे जाता आले असते. धोका आहे असे मानावे, तर तो टाळण्याची तजवीज करता आली असती. त्यांना यांपैकी काहीच ठरवता येत नव्हते. दुसऱ्या पायरीवर तर हाती काहीच नव्हते, कारण निर्णय दिल्लीतील न्यायालयाचा आणि सरकारचा. लाझारस आणि फोकमन यांनी ताणाला सामोरे जाण्याचे दोन मार्ग वेगळे केले आहेत : एक समस्येवर उपाय करण्याचा, दुसरा आपल्या भावना सावरण्याचा. पहिला मार्ग परिस्थितीने बंद केला होता. दुसरा आशेने बंद केला होता; धंदा संपला हे स्वीकारणे म्हणजे आपणच आपल्या ट्रकचा घात करणे, असे त्यांना वाटत होते.

अनिश्चितता ही वाईट बातमीहून अधिक जाचक असू शकते, याला प्रयोगांचा आधार आहे. लंडनमधील संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात सहभागी व्यक्तींना संगणकाच्या पडद्यावरील दगडाखाली साप आहे की नाही याचा अंदाज करायचा होता, आणि साप निघाला की हाताला विजेचा सौम्य पण दुखणारा झटका बसत असे. झटका बसणारच हे ठाऊक असताना जितका ताण दिसला, त्याहून अधिक ताण तो बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना दिसला. घामाच्या आणि डोळ्यांच्या बाहुल्यांच्या मोजमापांतही तेच उमटले. त्याच्या कितीतरी आधी, १९७० च्या आसपास, अमेरिकेत जे वाइस यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले होते की सारखेच झटके बसूनही, ज्या उंदरांना झटक्याची पूर्वसूचना मिळे किंवा तो थांबवणे ज्यांच्या हाती असे, त्यांच्या जठरात व्रण कमी होत. (माणसांतील जठरव्रणाचे मुख्य कारण ताण नसून बहुधा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू किंवा वेदनाशामक गोळ्या असतात, हे आता सिद्ध आहे आणि त्या जिवाणूच्या शोधाला २००५ चे नोबेल मिळाले, म्हणून आमच्या गृहस्थांच्या आंबट पाण्याचा दोष सरळ ताणावर टाकण्याआधी ती तपासणी करून घेतली होती.) या उंदरांचे गोव्याशी तसे काही नाते नाही. तरी व्हॉट्सअ‍ॅप गटावरील ‘पुढच्या महिन्यात नक्की’ या संदेशाने काय होत असेल, हे त्यांच्यावरून कळते. प्रत्येक संदेश शक्यतेला पुन्हा निम्म्यावर आणून ठेवत होता.

मग हा माणूस ट्रक विकून मोकळा का झाला नाही? येथे पहिल्या बंदीचा अनुभव पुढे येतो. वर्तनशास्त्रात असे दिसून आले आहे की एखाद्या कृतीचे फळ दर वेळी मिळत असेल तर फळ थांबताच ती कृतीही लवकर थांबते. फळ अधूनमधून आणि केव्हा मिळेल ते न कळता मिळत असेल, तर ती कृती फळ बंद झाल्यावरही दीर्घकाळ चालू राहते. मांडवीतील कॅसिनोंच्या बोटी ज्या तत्त्वावर पैसा कमावतात ते हेच. या गृहस्थांच्या आयुष्यात थांबण्याचे फळ एकदा मिळाले होते, आणि तेही सगळे वेड्यात काढत असताना. म्हणून त्यांच्या थांबण्याला अविवेक म्हणणे मला पटत नाही. एकदा खऱ्या ठरलेल्या अनुभवावर ते टिकून होते, आणि नातेवाइकांच्या उपदेशाचा त्यांच्यावर काही परिणाम का होत नव्हता याचेही उत्तर त्यातच आहे.

रोजगार जाण्याचा अभ्यास करणाऱ्यांनी ही प्रतीक्षेची अवस्था पूर्वीच टिपली आहे. स्टॅनिस्लाव कॅसल आणि सिडनी कॉब यांनी अमेरिकेत बंद होऊ घातलेल्या कारखान्यांतील कामगारांची वेळोवेळी तपासणी केली, तेव्हा रक्तदाब केवळ नोकरी गेल्यावर वाढला असे नव्हे, ती जाणार म्हणून वाट पाहण्याच्या काळातही तो वाढलेला होता, आणि स्थिर काम मिळाल्यावर उतरला. त्याहून जुना अभ्यास ऑस्ट्रियातील मारिएन्थाल या गावाचा. तेथील कापडगिरणी बंद पडल्यावर मारी याहोदा आणि सहकाऱ्यांनी गावाचे जे निरीक्षण केले ते १९३३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेळच वेळ असूनही लोकांनी ग्रंथालयातून पुस्तके नेणे कमी केले होते, आणि रस्त्याने पुरुष बायकांपेक्षा हळू चालत होते, कारण बायकांना घरचे काम होते आणि पुरुषांना कोठेच वेळेवर पोहोचायचे नव्हते. याहोदा यांनी पुढे मांडले की काम माणसाला पैशाखेरीज दिवसाची आखणी, चार लोकांचा सहवास, सामायिक उद्देश, समाजातील स्थान आणि हातांना चाळा देते. पहाटे जेटीवर ट्रकांच्या रांगेत पहिला नंबर लावण्यासाठी धावणाऱ्या माणसाच्या दिवसात आता निश्चित वेळेची एकच गोष्ट उरली होती : कोठेही न जाणाऱ्या ट्रकचे इंजिन दहा मिनिटे चालू ठेवणे.

आधार देणारी माणसे ताणाचा मारा सौम्य करतात, असे मानसशास्त्र सांगते आणि ते बहुतांशी खरे आहे. या प्रकरणात त्याला एक काटा होता. तिठ्यावरचे मित्र सगळे ट्रकमालक, सगळ्यांचे दुःख एकच, आणि संभाषणाचा विषयही एकच. एकाच समस्येची परस्परांशी पुन्हा पुन्हा उजळणी केल्याने मैत्री घट्ट होते पण चिंता आणि उदासीही वाढते, असे अमँडा रोझ यांनी किशोरवयीन मुलांच्या अभ्यासात २००२ मध्ये दाखवले होते. पंचेचाळिशीच्या ट्रकमालकांना ते लागू पडू नये असे काही कारण दिसत नाही. शिवाय गाव दुभंगलेले होते. ज्यांच्या शेतात खाणींचा गाळ उतरला, ज्यांच्या घरांवर वर्षानुवर्षे लाल धूळ बसली, त्यांना बंदीने हायसे वाटले होते, आणि ते म्हणणे चुकीचे नव्हते. या गृहस्थांचे सख्खे चुलते त्यांपैकी एक होते. दोघांचे सामाईक कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, आहे, पण दोन वर्षे दोघांत बोलणे नव्हते. घराच्या मागच्या अंगाला मिळू शकणारा आधार त्यामुळे तुटला होता.

शरीर आणि घर

धोका दिसताच हृदयाची गती वाढणे, स्नायू ताठणे, पचन मंदावणे ही लढण्याची किंवा पळण्याची तयारी असते, हे वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीस दाखवले. १९३६ मध्ये हान्स सेल्ये यांनी हीच प्रतिक्रिया लांबली तर काय होते याचे तीन टप्पे मांडले : इशारा, प्रतिकार आणि शेवटी थकवा. या प्रतिक्रियेत स्रवणाऱ्या संप्रेरकांपैकी अ‍ॅड्रेनॅलिन क्षणात काम करते, कॉर्टिसोल सावकाश आणि दीर्घकाळ. कॉर्टिसोलची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली असते, पहाटेकडे चढू लागते आणि जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. झोप आधीच उथळ असलेल्या माणसाला हा पहाटेचा चढ जागे करायला पुरतो. त्यात दारूने झोप लवकर लागते खरी, पण उत्तररात्रीची झोप मोडते. या गृहस्थांची साडेतीनची जाग बहुधा या दोहोंची बेरीज होती. अशी तयारी रोज करून ती कधीच न वापरल्याने शरीराची जी झीज होते तिला ब्रूस मॅकइवन यांनी १९९३ मध्ये संचित भाराची संकल्पना वापरून समजावले, आणि रक्तदाब हे तिचे मोजता येणारे एक माप आहे.

विचारशक्तीवरही परिणाम होतो, आणि तो बहुतेकदा दुर्लक्षित राहतो. तमिळनाडूतील ऊस शेतकऱ्यांचा २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या दृष्टीने बोलका आहे : तेच शेतकरी सुगीनंतर हाती पैसा असताना बुद्धिमापनाचे प्रश्न जितके चांगले सोडवीत, तितके सुगीपूर्वीच्या ओढग्रस्तीत सोडवू शकत नसत. आमच्या गृहस्थांनी बँकेची पत्रे वर्षभर फोडलीच नव्हती. पत्नी त्याला बेफिकिरी समजत होत्या. मला ते मन आधीच पूर्ण व्यापलेले असल्याचे लक्षण वाटते.

त्या पत्नींविषयी. गावातील महिलांच्या स्वयंसाहाय्य गटामार्फत शाळेच्या माध्यान्ह आहाराचे काम त्या करत होत्या, घर त्यांच्या कमाईवर चालले होते, आणि हे उघडपणे बोलायचे नाही असा घरातला अलिखित नियम होता. सोबत आल्या तेव्हा त्यांच्या बोटाला स्वयंपाकात झालेली जखम होती, ती बरेच दिवस भरत नव्हती. जॅनिस कीकोल्ट-ग्लेसर यांनी १९९५ मध्ये दाखवले होते की स्मृतिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांची त्वचेवरील छोटी जखम भरायला इतर स्त्रियांपेक्षा सरासरी ९ दिवस अधिक लागले. एका बोटावरून निष्कर्ष काढणे योग्य नाही, रक्तातील साखर तपासायला सांगितले आणि ती ठीक निघाली. पण ताण एकाच्या नावावर नोंदवला जातो आणि घरात वाटला जातो, याची जाणीव त्या भेटीने झाली. मुलगा त्या संभाषणात एकच वाक्य बोलला, “बाबा घरी असले की आम्ही टीव्हीचा आवाज कमी ठेवतो.”

काय केले

गोव्यात या कामाला चांगली पूर्वपरंपरा आहे. पर्वरी येथील संगात या संस्थेच्या सहभागाने राज्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत झालेल्या ‘मानस’ चाचणीत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्य आणि चिंतेच्या रुग्णांना परिणामकारक मदत केल्याचे दिसले. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीव्र नैराश्यासाठी वापरलेला गाभा सोपा होता : मन सुधारण्याची वाट न पाहता, अर्थ असलेली छोटी कामे ठरवून करायची आणि अडचणी एकेक करून सोडवायच्या. या प्रकरणातही तोच धागा धरला.

आरंभी सकारात्मक राहण्याचा सल्ला मुद्दाम टाळला. घरचे, मित्र, पंच, सगळे त्यांना तेच सांगत होते, आणि आशा हीच जेथे ताणाची वाट झाली आहे तेथे आणखी आशा पुरवणे अनाठायी होते. त्याऐवजी त्यांच्यासमोर दोन रकाने ठेवले : ज्याचा निर्णय न्यायालय आणि सरकार करणार, आणि ज्याचा निर्णय ते स्वतः करणार. दुसऱ्या रकान्यात लिहायला काहीच नाही असे ते म्हणाले. मग बँकेची पत्रे आणून समोर फोडली. त्यांना भीती होती त्यापेक्षा आकडा लहान होता, आणि एकरकमी तडजोडीचा प्रस्ताव एका पत्रात सहा महिने पडून होता.

बातम्यांना वेळ बांधून दिली. व्हॉट्सअ‍ॅप गट सोडायला ते तयार नव्हते, आणि सोडायला सांगणे त्यांच्या मैत्रीवर घाला ठरला असता, म्हणून गट मूक करून तो फक्त रविवारी पाहायचा असे ठरले. चिंतेसाठी संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवायचा, ती अन्य वेळी आली की ‘सहा वाजता’ म्हणून पुढे ढकलायची, ही जुनी पद्धत त्यांना सुरुवातीला पोरखेळ वाटली. पहाटे जाग आल्यावर अंथरुणात तळमळत न राहता उठून बसायचे, आणि झोप आली तरच परत जायचे, हे मात्र त्यांनी लगेच उचलले. दारू आधी आठवड्यातून ठराविक दिवसांपुरती, मग सणावारी. पाऊल मागे पुष्कळदा पडले; चतुर्थीच्या आठवड्यात तर सगळेच ढासळले.

कुळागराचा विषय त्यांनीच काढला. पाटाला पाणी सोडणे, पडलेली सुपारी वेचणे, पावसाळ्याआधी कोळेरोगासाठी बोर्डो मिश्रणाची फवारणी करून घेणे, ही कामे चुलते एकटेच ओढत होते. दिवसाला आखणी देणारे आणि त्याच दिवशी परिणाम दिसणारे हे काम होते. चुलत्यांशी समेट घडवण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. पाट एकट्याने साफ होत नाही, एवढ्यावर त्यांचे बोलणे सुरू झाले, आणि खाणींचा विषय काढायचा नाही हे दोघांनी आपसांत ठरवले.

सर्वांत कठीण भाग ट्रकचा होता. विका किंवा विकू नका, असे काहीच सुचवले नाही. एवढेच विचारले की थांबायचे असेल तर कोठवर, आणि ती तारीख कोण ठरवणार. पुष्कळ टाळाटाळीनंतर त्यांनी पुढचा दसरा ठरवला, कागदावर लिहिला आणि पत्नीच्या हाती दिला. दसरा आला तेव्हा त्यांनी ती तारीख गुढीपाडव्यावर नेली. हे अपयश म्हणता येईल, पण प्रतीक्षेची मर्यादा आता त्यांनी स्वतः आखलेली होती आणि ती मोडण्याची जबाबदारीही त्यांचीच होती. त्या हिवाळ्यातच पहाटेची जाग आठवड्यातून एक-दोनदावर आली. ट्रक अजून अंगणातच होता. पाडव्याच्या आधी त्यांनी तो विकला, आलेल्या रकमेतून तडजोडीचा मोठा हिस्सा भरला, आणि ज्या आठवड्यात ट्रक गेला त्या आठवड्यात ते चार दिवस कोणाशी बोलले नाहीत. अखेर शोकाला जागा मिळाली होती. कोविडची टाळेबंदी लगेच मागोमाग आली आणि सगळ्यांचेच हिशेब उलटेपालटे झाले; तरी त्या काळात त्यांची प्रकृती २०१९ इतकी कधीच बिघडली नाही.

या सुधारणेचे श्रेय समुपदेशनाला किती, रक्तदाबाच्या गोळीला किती, दारू कमी झाल्याला किती आणि ट्रक गेल्याला किती, हे एका प्रकरणावरून वेगळे काढता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीनुसार हे समायोजन विकाराचे प्रकरण ठरते. त्या व्याख्येत अशी लक्षणे ताणाचे कारण दूर झाल्यावर साधारण सहा महिन्यांत ओसरतात असे म्हटले आहे, मात्र कारण टिकून राहिले तर लक्षणेही टिकू शकतात. येथे कारण टिकवून ठेवणारी गोष्ट ट्रकची मालकी होती असे मानायला बराच वाव आहे. परंतु जे ट्रकमालक अजून थांबून आहेत त्यांना यावरून ट्रक विकण्याचा सल्ला देणे गैर होईल, कारण ज्यांच्यावर कर्ज नाही आणि ज्यांना दुसरे काम आहे त्यांच्यासाठी तोच ट्रक जाच न होता बचतही असू शकतो.

डिसेंबर २०२२ मध्ये राज्यातील खाणपट्ट्यांचा ई-लिलाव झाला, तेव्हा तिठ्यावर पुन्हा ट्रक घेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या. त्या आठवड्यात हे गृहस्थ ठरलेल्या तारखेच्या आधीच रक्तदाब मोजून घ्यायला आले आणि तो थोडा चढलेला निघाला. नवा ट्रक घ्यायचा का, याचा हिशेब त्यांनी पत्नीसोबत बसून मांडला आणि तूर्त न घेण्याचे ठरवले. ते आता बालरथ चालवतात, सुट्टीच्या काळात कुळागर पाहतात. गोळी चालू आहे, दर तीन महिन्यांनी तपासणी होते, आणि पत्नी स्वतःच्या झोपेच्या तक्रारीसाठी स्वतंत्रपणे भेटायला येऊ लागल्या आहेत.